उजळायला नेलेले देव

परवा सकाळी दुधाच्या पिशव्यांबरोबर आमच्या घरी चांदी आली. गुरुग्रामच्या या सोसायटीत आता सगळंच मोबाइलवरून मागवतात. गेटवरून फोन येतो आणि थोड्या वेळात दारात पिशवी येऊन पडते. त्या पिशवीत दूध होतं, टोमॅटो होते, कोथिंबिरीची जुडी होती आणि सगळ्यांच्या खाली प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेली चांदीची चिप होती. पाकिटाला कोथिंबिरीचं ओलं पान चिकटलं होतं. माझा मुलगा सौमित्र ती चिप खिडकीतल्या उन्हात धरून उलटीपालटी करत होता. "मम्मी, देख ना, एकदम प्युअर आहे. आत्ता नाही घेतली ना, तर नंतर पस्तावू. ऑफिसमध्ये सगळेच घेतायत यार. हात तर लाव!" मी टोमॅटो धुवायला घेतले. हात लावला नाही. माझं हे चांदीचं वेड, म्हणजे चांदी न शिवण्याचं वेड, त्याला ठाऊक आहे. त्याचं कारण मात्र त्याला मी कधी धड सांगितलं नव्हतं.

मला चांदीची शिसारी आहे. सोन्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते आमच्या घरात फारसं नव्हतंच. पण चांदीचा वास येतो म्हटलं की लोक हसतात. चांदीला वास नसतो म्हणतात. आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या घरातल्या चांदीला होता. कणकेचा, नॅप्थलिनच्या गोळ्यांचा आणि बाबांच्या जुन्या बनियनचा. कारण बाबा चांदीची वीट बनियनमध्ये गुंडाळून कणकेच्या ड्रममध्ये पुरायचे. चोर घरात शिरला तर कपाट फोडेल, दिवाण उचकेल, पण कणकेत हात घालणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्या ड्रममधून आई सकाळ-संध्याकाळ कणीक काढायची आणि पोळ्या करायची. मी अकरावीत होते, भूक दांडगी होती, आईची पोळी मऊसूत आणि पदर सुटलेली असायची, आणि तरी पहिला घास तोंडात गेला की मला तो बनियन दिसायचा. बगलेपाशी पिवळा पडलेला. मी घास पाण्याबरोबर गिळायची. आई म्हणायची, "काय ग, पोळी लागत नाही का नीट?" तिला सांगायची सोय नव्हती, कारण खायला तिलाही तेच होतं.

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सरळ माणूस, टाइमपास न करणारा, संध्याकाळी बसमधून उतरून भाजी घेऊन घरी येणारा. चांदीचं वेड त्यांना लावलं ते चोप्रा अंकलनी. हे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत आणि मागच्याच गल्लीत राहत. चांदीचा भाव तेव्हा चढत चालला होता आणि चोप्रा अंकल जणू स्वतःच्या मुलाचे मार्क सांगावेत तसे तो रोज सांगत. "देशपांडेजी, बैंक में क्या रखा है? ईंट लो, ईंट! कागज़ जल जाता है, चांदी नहीं जलती।" बाबांना हे पटलं. मग दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत या दोघांचं सुरू व्हायचं. आई पकोडे तळून द्यायची. ड्रममधून वीट निघायची, बनियन सुटायचा, विटेवरची कणीक झटकली जायची. चोप्रा अंकल तेलकट बोटांनी ती कुरवाळायचे. बाबा चमच्याने तिच्यावर टिचकी मारून कान लावायचे आणि म्हणायचे, "आवाज़ सुना? बिल्कुल शुद्ध।" मग अंगठा जिभेला लावून त्या थुंकीने विटेवरचा डाग पुसायचे. तीच वीट पुन्हा त्याच बनियनमध्ये, पुन्हा कणकेत. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असायची आणि ती टिचकी ऐकू आली की माझे दात आंबायचे.

पहिल्या विटेनंतर बाबांना दुसरी हवी झाली. पगारातून ती होईना, तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तूंकडे पाहायला सुरुवात केली. ज्याने घरात रोज वावरताना त्या वस्तू कधी डोळे वर करून पाहिल्या नव्हत्या, तो माणूस आता प्रत्येक वस्तू हातावर तोलून बघू लागला. आईची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी पहिल्यांदा गेली. दिल्लीतल्या मराठी बायका संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला यायच्या, तेव्हा आई त्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायची. त्या वर्षी तिने प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून शिंपडलं आणि बायकांना म्हणाली, "अहो, ती गळायला लागली होती." मग माझे लहानपणचे वाळे गेले, माझ्या अन्नप्राशनाची वाटी गेली. बाबा म्हणायचे, "नुसतं पडून आहे. घडणावळीला किंमत नसते. विटेला असते." स्वतःच्या वस्तूंसाठी भांडायची आईला लाज वाटायची. तिला वाटत होतं, बाबा कुठेतरी थांबतील.

देवघरात आमचे टाक होते. हा शब्द आता सौमित्रच्या पिढीला ठाऊक नसतो म्हणून सांगते. चांदीच्या छोट्या पातळ पत्र्यावर देवाची मूर्ती उठवलेली असते, ती रोज आंघोळ घालून पुजायची. आमच्याकडे घोड्यावरचा खंडोबा होता, भवानी होती, आणि त्यांच्या शेजारी एक बाईचा टाक होता. तो ताईंचा. ताई म्हणजे बाबांची पहिली बायको. लग्नानंतर वर्षभरातच त्या तापाने गेल्या. आई दुसरेपणाची. दुसरी बायको आली की पहिलीचा टाक करून देवांत बसवायचा, नवीने तिची रोज पूजा करायची, तिला आधी नैवेद्य दाखवायचा, अशी आमच्यात रीत होती. माझ्या शाळेतल्या पंजाबी मैत्रिणींना हे ऐकून हसू यायचं. "मतलब तेरी मम्मी अपनी सौतन की पूजा करती हैं?" मला तेव्हा लाज वाटायची. आईला वाटत नसे. ती ताईंना मोठी बहीण मानायची. बाबांशी खटका उडाला की ती देवापुढे बसून गंध उगाळता उगाळता त्या टाकाशी बोलायची. "बघा ताई, आज पुन्हा डबा न नेता गेले." "ताई, हे असेच होते का हो तुमच्या वेळी?" ताईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. जे काही होतं ते त्या टाकावर, आणि तेही इतक्या वर्षांच्या घासण्यापुसण्याने झिजून गेलेलं. नाक तर सपाटच झालं होतं.

टाक झिजले की सोनाराकडून उजळून आणायचे असतात. म्हणजे झिजलेल्या मूर्तीवर पुन्हा ठोकून नाक-डोळे उठवायचे. आईची ती फार दिवसांची इच्छा होती. पण दिल्लीत टाक कळणारा मराठी सोनार कुठे शोधायचा, आणि गावी जाणं तर दोन-तीन वर्षांतून एकदा. म्हणून एका सकाळी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "चांदनी चौकात एक कारागीर सापडलाय. टाक उजळून देतो म्हणतो," तेव्हा आईचा चेहरा असा फुलला की मला तो अजून दिसतो. तिने त्याच दिवशी डोक्यावरून न्हाऊन टाक काढले, नव्या खणात बांधले, आणि देवघरात त्यांच्या जागी सुपाऱ्या मांडल्या, कारण देवांची जागा रिकामी ठेवायची नसते. खणाची पुरचुंडी बाबांच्या हातात देताना म्हणाली, "त्याला सांगा, ताईंचं नाक जरा धारदार कर. तुम्ही पाहिलंय ना त्यांना." बाबा म्हणाले, "हो हो, अच्छा." आणि मला म्हणाले, "चल, तूही चल. जलेबी खाऊ." मी उड्या मारत गेले.

तो कारागीर वगैरे काही नव्हता. एका अंधाऱ्या जिन्याने वर जाऊन आम्ही चांदी गाळणाऱ्याच्या दुकानात बसलो. पांढऱ्या गादीवर लाला बसला होता, पाठीमागे भट्टी घुरघुरत होती आणि साऱ्या खोलीत ॲसिडचा आंबूस वास भरला होता. बाबांनी पिशवीतून एक-एक वस्तू काढली. उरलेली पेले-फुलपात्रं, कुंकवाचा करंडा, आणि शेवटी खणाची पुरचुंडी. मला वाटलं, ही पुरचुंडी ते बाजूला ठेवतील आणि कारागिराचं विचारतील. त्यांनी ती सोडली आणि टाक त्या ढिगावर टाकले. लालाने ताईंचा टाक उचलला, नखाने खरवडला, आणि विचारलं, "ये क्या है बाबूजी? बच्चों के मेडल?" बाबा म्हणाले, "कुछ नहीं, पुराना माल है।"

"बाबा, हे देव आहेत," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. बाबांनी माझ्याकडे न बघता माझा दंड दाबला. लाला टाकाच्या खळगीत बोट फिरवत होता. तिथे वर्षानुवर्षांचं हळदकुंकू घट्ट बसलेलं होतं, आईने रोज अनामिकेने लावलेलं. "इस में मैल बहुत है," तो म्हणाला. "मैल का वज़न काटूंगा।" बाबा म्हणाले, "काट लो जी।" मग सगळा ढीग लालाने मुशीत लोटला. चांदी वितळण्याआधी ते कुंकू जळलं. त्याचा एक करपट, गोडसर धूर निघाला आणि माझ्या नाकातोंडात गेला. लालाने मागच्या फळीवरून एक तयार वीट काढली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली. म्हणजे आमची चांदी आमच्या विटेतसुद्धा आली नाही. ती मुशीतून कुठल्या साच्यात, कुठल्या बाजारात, कुणाच्या कणकेत गेली, देव जाणे. चांदी जळत नाही, चोप्रा अंकल म्हणायचे ते खरं. ती नुसती फिरत राहते. सौमित्रच्या त्या चिपमध्येही ताई असतील. म्हणून मी हात लावत नाही.

सगळ्यात जास्त किळस मला कशाची आली ते सांगते. वीट पुरी करायला जी तूट होती, ती टाकांनी भरून निघाली नाहीच. टाक पातळ, हलके, त्यात मैल वजा. वरचे पैसे बाबांनी खिशातून दिलेच, आणि टाक बाजूला ठेवले असते तर त्यात फार तर स्कूटरच्या टायरच्या किमतीएवढी भर घालावी लागली असती. ती त्यांना जड वाटली. मी आता बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे, त्यांची बाजू मला मांडता येते. फाळणीत होत्याचं नव्हतं झालेले शेजारी ते रोज बघत होते, पेन्शनची, माझ्या लग्नाची भीती त्यांना होती. सगळं समजतं. तरी "पुराना माल है" हे शब्द कानात आले की समजूतदारपणा तिथे काही कामाचा ठरत नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी खरंच जलेबी घेतली. "आईला सांगायचं, कारागिराने काम मुंबईला पाठवलंय. वेळ लागेल," असं म्हणून पुडा माझ्या हातात दिला. बसमध्ये वीट त्यांच्या मांडीवर होती, डब्याच्या पिशवीत, आणि पिशवीवर त्यांचे दोन्ही हात. जलेबीचा पाक कागदातून माझ्या बोटांवर उतरत होता. धौला कुआँच्या आसपास मी खिडकीतून बाहेर ओकले. बाबांनी आधी पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली, आणि मग माझी पाठ चोळली.

घरी पोचलो तेव्हा जिन्यापासूनच पुरणाचा वास येत होता. वेलदोडा, जायफळ, गुळाचा खमंगपणा. देव उजळून येणार म्हणून आईने पुरणपोळी केली होती. उजळायला दिलेले टाक त्याच दिवशी परत मिळतील असं तिने भोळेपणाने धरलं होतं, आणि बाबांनी तिला तसं वाटू दिलं होतं. दारात रांगोळी होती. आई नऊवारी नेसून निरांजन घेऊन उभी होती. बाबांच्या तोंडून काही निघायच्या आत तिने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, त्यांच्या हातातल्या पिशवीला हळदकुंकू लावलं आणि ओवाळायला लागली. बाबा पिशवी धरून उभे राहिले. ओवाळून घेतलं त्यांनी. नजर निरांजनावर, आणि तोंडावर एक ओशाळं, लाडिक हसू.

"आई, त्यात देव नाहीत," मी म्हणाले. "वीट आहे. देव गाळले."

बाबा म्हणाले, "पोरीला बसमध्ये गरगरलंय. काहीतरी बोलते."

आईने निरांजन खाली ठेवलं नाही. तशीच धरून तिने पिशवीत हात घातला, वीट चाचपली आणि हात बाहेर काढला. मग विचारलं, "ताईंचाही?"

"अगं, काय होता तो? झिजून पत्रा झालेला. दहा ग्रॅमसुद्धा भरला नसता," बाबा म्हणाले. "तुला नवा करून देऊ ना. याच्याहून चांगला."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मी तिला रागावलेली पाहिली होती, रडलेली पाहिली होती. ही नजर मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिली नव्हती. पोळीत केस निघाल्यावर माणूस ताटाकडे बघतो तशी ती होती. "त्या तुमच्या बायको होत्या हो," ती म्हणाली. एवढंच. मग आत गेली आणि सुपाऱ्यांना नैवेद्य दाखवला.

बाबा जेवायला बसले. मी त्या माणसाला उपाशी उठताना कधी पाहिलं नाही. पुरणपोळीवर तुपाची धार ओतून घेतली, बोटं चाटली, आणि म्हणाले, "झक्कास झालीय. अजून एक वाढ." आईने वाढली. मी पाटावरून उठले. मला कुणी थांबवलं नाही.

जेवण झाल्यावर बाबा बनियन घेऊन ड्रमपाशी गेले, तेव्हा आई आडवी आली. "कणकेत नको. मोरीत ठेवा." बाबांना ती थट्टा वाटली. आईने विटेवरचा बनियन सोडला, वीट उचलली, बाथरूममध्ये नेली आणि पाण्याच्या बादलीखाली सरकवली. जुनी वीटही ड्रममधून काढून तिच्याशेजारी ठेवली. बादली पूर्वी डुगडुगायची. आता नीट बसली. बाबा दोन्ही विटा काढून, धुऊन, पुसून कपाटात ठेवायचे आणि सकाळी आंघोळीला गेले की त्या त्यांना बादलीखाली सापडायच्या. त्यांच्यावर साबणाचा फेस, आमचे केस, कपड्यांची नीळ. कितीतरी दिवस हे चाललं. मग चांदीचा भाव एकदम कोसळला, चोप्रा अंकलचं रविवारचं येणं बंद झालं, आणि बाबांनी हात टेकले. भाव पुन्हा वर जाईल, मग विकू, असं म्हणत राहिले. एक वीट माझ्या लग्नात विकली. दुसरी बाथरूममध्येच राहिली. काळीकुट्ट झाली. आई तिच्यावर टाच घासायची.

आईने नवा टाक करू दिला नाही. बाबांनी खूपदा विचारलं, शेवटी शेवटी तर काकुळतीला येऊन विचारलं. ती त्यांचा डबा भरायची, औषधं द्यायची, शेवटच्या आजारात त्यांचं सगळं अंथरुणातलं तिने काढलं. पण त्यांच्यावरची ती नजर मला पुन्हा कधी निवळलेली दिसली नाही. गंध उगाळताना आता ती सुपारीशी बोलायची.

ती वीट आज माझ्या बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावलेली आहे. विसाव्या मजल्यावर वारा फार आहे, दार आपटतं. कामवाली तिला लोखंडाची समजते. सौमित्रला ठाऊक आहे आणि तो रोज सकाळी फोनमध्ये भाव बघून ओरडतो, "मम्मी, तुझं दार आज अजून महाग झालं!" परवा ती चिप घेऊन तो माझ्यापाशी बसला आणि फार मायेने बोलला. त्याचं आजीवर प्रेम होतं. "मम्मी, आता ना चांदीच्या नाण्यावर फोटो कोरून देतात, लेझरने. एकदम सेम टु सेम. आजीचा बनवूया? तू म्हणतेस ना टाक, तसाच. देवघरात ठेव. आणि प्युअर सिल्व्हर आहे, व्हॅल्यू पण राहील."

मग मी त्याला हे सगळं सांगितलं. दूध ओट्यावर तसंच राहिलं. आणि शेवटी, आईने जाण्याच्या आदल्या दुपारी माझा हात धरून जे सांगितलं होतं, ते तिच्याच शब्दांत सांगितलं. "नंदा, माझा टाक करू नकोस. ताईंच्या शेजारी एक सुपारी ठेव. सुपारी कुणी मोडीत घालत नाही."